पहिला घोट

माझ्या डाव्या दंडात कातडीखाली शेंगदाण्याएवढी एक कुपी बसवलेली आहे आणि ती माझ्या चुगल्या करते. मला न विचारता, थेट डॉक्टर नदाफबाईंकडे. त्या सकाळी तालमीतून येऊन मी अंगाची माती धुवत होतो, तेवढ्यात बाईंचा फोन आला. एरवी त्या आधी तालमीची चौकशी करतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, "वस्ताद, आजच या. आणि वहिनींना बरोबर आणा."

बायकोला बरोबर आणा, असं डॉक्टर उगाच म्हणत नाहीत. शालननं तव्यावरची भाकरी भाजून घेतली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "चला." रिक्षात ती माझा हात धरून बसली. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत तिनं माझा हात कधी धरला नव्हता, त्यामुळे माझी भीती आणखीच वाढली.

मी सर्जेराव मगदूम. नोकरीभर हायस्कुलात कवायतीचा मास्तर होतो आणि नोकरीच्या आधी, मध्ये, नंतर आमच्या पेठेतल्या तालमीचा वस्ताद. या दोन पदांपैकी कोल्हापुरात कोणतं मोठं, ते सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी लघवीची तक्रार घेऊन गेलो, तर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला. नदाफबाई तेव्हा एका नव्या उपचाराची चाचणी घेत होत्या. मी तिच्यात नाव घातलं.

तो उपचार त्यांनी मला समजावला तो असा. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. औषधानं ते हार्मोन तोडलं की गाठ आक्रसते. जुन्या पद्धतीत औषध एकदा सुरू केलं की थांबवायचं नाही. पण गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक पेशी औषधाला भितात, मोजक्या निबर असतात. भित्र्या मेल्या की निबर पेशींना रान मोकळं होतं, आणि काही वर्षांत औषध चालेनासं होतं. "भले भाडेकरू हाकलले की अख्खी इमारत गुंडाच्या ताब्यात जाते," बाई म्हणाल्या होत्या. म्हणून भल्यांना मारायचं नाही, नुसतं दाबात ठेवायचं. त्यांच्या गर्दीत गुंडाला पाय पसरायला जागा मिळत नाही.

म्हणजे काही आठवडे औषध, काही आठवडे सुट्टी. कधी औषध आणि कधी सुट्टी, हे कुपी ठरवते. तिच्या एका कप्प्यात औषध आहे आणि दुसऱ्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवंत पेशी. रक्तात पुरुषी हार्मोन आलं, किंवा त्याच्या जातीचं दुसरं काहीही आलं, की त्या पेशी काजव्यासारख्या उजळतात. उजेड वाढला की कुपी औषध सोडते आणि बाईंना कळवते.

औषधाच्या आठवड्यांत माझी जी दैना होते ती मीच जाणे. बसल्या जागी अंगातून झळा निघतात, बनियन पिळावं इतका घाम येतो. शालनला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती चक्क हसली. म्हणाली, "माझ्या टायमाला तुमी पंखा बंद करून घोरत हुता. आता कळंल." दंडाचं मांस उतरलं. टीव्हीवर कुणाची पोरगी सासरी निघाली तरी मला रडू यायला लागलं. आणि नवरा म्हणून अंगात जे काही असतं ते पार विझलं.

यातलं एक अक्षर मी बाहेर कुणाला सांगितलं नाही. चाचणीतल्या पुरुषांची दर शनिवारी बैठक असते. तिथे कपड्यात लघवी होते इथपासून बायको दुसऱ्या खोलीत झोपते इथपर्यंत सगळं बोललं जातं. बाईंचं एकच टुमणं असे: रोज ज्यांच्यात वावरता, त्यांना आजार सांगा, लपवणारा माणूस उपचारात घोळ घालतो. मी जोरात मान डोलावली आणि तालमीत सांगून टाकलं, साखर झाली आहे, दंडात आहे ते साखरेचं मशीन. वस्तादाचं पुरुषी हार्मोन औषधानं तोडलं आहे, हे लंगोट लावलेल्या पोरांपुढे कोण सांगणार?

दवाखान्यात बाईंनी पडद्यावर माझ्या उजेडाचा आलेख लावला. औषधाचे आठवडे चालू होते. रेषा जमिनीला टेकलेली हवी होती. ती रोज उसळत होती.

याचे दोनच अर्थ होतात, असं त्या म्हणाल्या. एक तर गाठ आपलं हार्मोन आपणच तयार करायला शिकली, किंवा बाहेरून काहीतरी पोटात जात आहे. त्यांनी खोदून खोदून विचारलं. चूर्ण, भस्म, काढा, कुणा ओळखीच्यानं दिलेली ताकदीची पुडी? मी शपथेवर नाही म्हणालो. शालननं माझ्याकडे असं पाहिलं, की आता घरी गेल्यावर माझी ट्रंक उपसली जाणार हे मी ओळखलं.

आणखी एक भानगड होती. कुपीला कारण कळत नाही, तिला नुसता उजेड कळतो. तो विझवायला ती जास्तीचं औषध ओतत होती, आणि त्या औषधानं मरत होत्या त्या भित्र्या पेशी. म्हणजे ज्यांना जपायचं त्यांचाच फडशा पडत होता.

"पुढच्या सोमवारी चाचणीची समिती बसते," बाई म्हणाल्या. "बाहेरून काही येतंय याचा पुरावा मला देता आला नाही, तर ते पहिलाच अर्थ धरतील. कुपी काढतील आणि केमो सुरू करावं लागेल."

"केमोनं काय होईल?"

"खोटं बोलणार नाही, वस्ताद. केमोनं महिने मिळतील. हा उपचार नीट चालला असता तर वर्षं मिळाली असती."

घरी आल्याबरोबर शालननं ट्रंक उपसलीच. काही निघालं नाही तेव्हा तिनं स्वयंपाकघर धारेवर धरलं. दूध बंद, अंडी बंद, विकतचं तेल बंद. रेषा उसळतच राहिली. मग तिनं मला तिच्या भावाकडे निपाणीला नेऊन टाकलं, हवापालट म्हणून. तिथे मी बाजेवर पडून राहिलो. अंगातून झळा तर अशा निघत होत्या, की मेहुण्याच्या घरात मला टॉवेल गळ्यात घालून बसावं लागलं. आणि तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. रेषा जमिनीला टेकली होती. आवाजात हसू होतं.

"काय बंद केलंत?"

मी म्हणालो, काही नाही, फक्त तालमीत गेलो नाही. त्यांनी सावकाश विचारलं, "तालमीत तुम्ही काय पिता?"

मला दरदरून घाम फुटला, आणि तो औषधाचा नव्हता.

आमच्या तालमीत एक रीत आहे. सकाळची मेहनत झाली की बदाम-खसखशीची थंडाई घोटतात. प्रत्येक पैलवान आपापला पितळी पेला भरतो आणि पहिला घोट वस्तादाला देतो. वस्तादानं घोट घेतला की उरलेला पेला पोरानं तिथंच, त्याच्या डोळ्यांदेखत, एका दमात संपवायचा. माझ्या गुरूनंही हेच केलं आणि मीही तेच करत आलो. घोट घेणं म्हणजे आशीर्वाद, आणि पोरं काय पितात त्यावर नजरही.

गेले काही महिने मेहनतीनंतर मला बरं वाटायचं. झळा थांबायच्या, पायांत जोर यायचा, पोरांना डाव दाखवायला मी कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायचो. मी शालनला सांगायचो, बघ, माती कशी औषध करते. माती कसली? कुणाच्यातरी पेल्यात काहीतरी होतं आणि त्याचा घोट मी रोज प्रेमानं घेत होतो.

बाईंनी मला फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं. कुस्तीच्या मैदानावरची उत्तेजकांची तपासणी ठरावीक औषधं शोधते. औषधाची घडण जरा बदलली की ती तपासणी आंधळी होते, आणि ताकदीचे असले नवे थेंब बाजारात यायला लागले आहेत. माझ्या कुपीतल्या पेशींना औषधाचं नाव कळत नाही, पण हार्मोनच्या जागी जाऊन बसणारं काहीही आलं की त्या उजळतात. त्यांना फसवता येत नाही. मला फक्त तो पेला आणून द्यायचा होता, आणि पेला कुणाचा ते सांगायचं होतं. समिती नावाशिवाय पुरावा मानणार नव्हती. ज्याचं नाव निघेल त्याचं नाव कुस्ती संघालाही कळवावं लागणार होतं. मी विचारलं, नाव गाळून नाही का होणार? त्या म्हणाल्या, "वस्ताद, तो पोरगा आपलं काळीज आणि यकृत जाळतोय. त्याला मी कशी झाकू?"

रविवारी राज्याच्या गदेचं मैदान होतं. शेवटच्या कुस्तीला आमचा शिवतेज सासने उभा राहणार होता. राधानगरीकडच्या एका खेड्यातून त्याचा बाप त्याला माझ्याकडे सोडून गेला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडायचे होते. तालमीत झोपला, आमच्या घरी जेवला, तापानं फणफणला तेव्हा शालनच्या मांडीवर पडून राहिला. आम्हाला मूल नाही, हे त्यानं आम्हाला कधी आठवू दिलं नाही.

शालननं निपाणीहून परतताना गाडीत विचारलं, "शिवतेज नसंल न्हवं?" मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यावर वरडून काय हुतंय? तालमीत कुणाला ठावं हाय का तुमाला काय झालंय? साखर म्हणून सांगून बसलायसा. साखरंच्या माणसाला घोटभर कायबी चालतंय, असं वाटलं आसंल त्या पोराला."

माझा संशय तालमीतल्या जयदीपवर होता. सहा महिन्यांत त्या पोराचा दंड फुगल्यासारखा झाला होता, मानेवर पुरळ उठलं होतं. तो जयदीपच असायला हवा, असं मी मनात घोकत होतो. एखाद्या पोराचं वाईट चिंतायची वेळ वस्तादावर यावी, याचीही मला लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी मेहनत झाली. थंडाई घोटून झाली, पेले भरले. मी हौद्याच्या कडेला बसलो आणि सदऱ्याची बाही वर सारली. पोरं रांगेत उभी राहिली. लहानाचा मान आधी, थोरला शेवटी. शिवतेज अर्थात शेवटी होता.

"ही साखरंची मशीन न्हाई," मी म्हणालो. "मला कॅन्सर झालाय. प्रोस्टेटचा. मर्दानी हार्मोनवर पोसणारा कॅन्सर हाय, म्हणून माझं त्ये हार्मोन डॉक्टरांनी तोडलंय. आन् तुमच्यातल्या कुणाच्यातरी पेल्यातनं घोट घोट त्येच रोज माझ्या पोटात जातंय."

एकदा शब्द तोंडातून गेल्यावर वाटलं होतं तितकं काही कोसळलं नाही. पोरं माझ्या दंडाकडे बघत होती, आणि त्यांच्या नजरेत मी समजत होतो ते हसू कुठेही नव्हतं.

"कोण त्ये मला ठावं न्हाई. मी इचारणार बी न्हाई. रीत हाय तशी पहिला घोट मी घेणार. ज्येला द्यायचाय त्येनं फुडं यावं."

पहिला पोरगा आला. त्यानं पेला दिला, मी घोट घेतला, त्यानं पेला संपवला. दुसरा आला, तिसरा आला. जयदीपची पाळी आली तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. त्यानं पेला माझ्या ओठांपाशी आणला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, हितं निस्तं बदाम हाय. आईची आन." मी घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत मला खोटं दिसलं नाही, आणि तेव्हा माझी नजर रांगेच्या शेवटाकडे गेली.

शेवटी एकटा शिवतेज उरला. तो पुढे आला. अंगाला माती, हातात काठोकाठ भरलेला पेला. मी हात पुढे केला. त्यानं पेला दिला नाही. मी हात तसाच ठेवला. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, पेला स्वतःच्या तोंडाला लावला आणि एका दमात सगळा रिकामा केला.

वस्तादाच्या आधी पेला तोंडाला लावलेला मी आमच्या तालमीत जन्मात पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. मी त्याच्यावर खेकसलो, "काय केलंस तुला कळतंय का? त्योच पेला मला डॉक्टरांकडं न्यायचा हुता. त्येच्यावर माझा उपचार ठरणार हाय."

त्यानं मनगटानं ओठ पुसले. "हातात ठेवला असता तर तुमी घोट घेतला असता," तो म्हणाला. "पेला कशाला पायजे? मीच येतो. आता माझ्या रगतात हाय त्ये."

रिक्षात आम्ही दोघंच होतो. त्यानंच बोलायला सुरुवात केली. थेंब कुणी दिले, कधीपासून घेतो, पेट्या तपासल्या जातात म्हणून बाटली हौद्यामागच्या कौलात कशी लपवायचा, सगळं सांगितलं. मला घोट देताना त्याला सुरुवातीला भीती वाटायची. पण पुढे मी ताजातवाना दिसायला लागलो, हौद्यात उतरायला लागलो, तेव्हा त्याला वाटलं, वस्तादांना फायदाच होतो आहे. "तुमी साखर म्हणला हुता," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

मी विचारलं, तुला या थेंबांची गरज काय पडली? तुझ्या अंगात काय कमी होतं?

"दोन वर्षांमागं गदेच्या कुस्तीला मी चितपट झालो. त्या दिवशी तुमी जेवला न्हाईसा. काकूंनी तीनदा ताट वाढलं, तुमी भिंतीकडं तोंड करून पडून हुता. तवाच ठरवलं, फुडच्या बारीला काय बी करून गदा आणायची."

मी जेवलो नव्हतो हे खरं आहे. त्या दिवशी सकाळी मला कॅन्सरचा रिपोर्ट मिळाला होता. कुस्ती मी नीट पाहिलीसुद्धा नव्हती. हे मी त्याला सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि दवाखाना येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.

शालन आधीच तिथे येऊन थांबली होती. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाची माती पदरानं पुसली. नदाफबाईंनी शिवतेजला समोर बसवलं आणि सगळं नीट समजावलं. कुपीत आहेत त्याच पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत आहेत. त्यांच्यावर त्याच्या रक्ताचा थेंब टाकायचा. पेशी उजळल्या तर माझ्या शरीरात बाहेरून काय येत होतं ते सिद्ध होईल, कुपी राहील, उपचार पुन्हा मार्गावर येईल. पण अहवालात त्याचं नाव जाईल. उद्याचं मैदान गेलं, आणि पुढची किती वर्षं जातील ते संघ ठरवेल. "तू नाही म्हणू शकतोस," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. बाहेर जाऊन विचार कर हवा तर."

त्यानं उत्तर न देता हात टेबलावर ठेवला. हा हात मी घडवला होता. नर्सनं रबर बांधलं, सुई टोचली. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो.

तास-दीड तासानं बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि दिवा घालवला. बशीत हिरवट उजेड पसरला होता. एवढासा थेंब, पण शेजारी ठेवलेली पेनाची टोपी दिसत होती. बाईंनी मोठा श्वास सोडला. "समितीला मी पटवीन," त्या म्हणाल्या. शालन मटकन खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. ती माझ्यासाठी रडत होती की त्याच्यासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी वाचलो होतो आणि मला अजिबात आनंद होत नव्हता.

दिवा लागला. अहवाल भरायला बाई संगणकापाशी बसल्या. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. त्यानं सगळं स्वच्छ आवाजात सांगितलं.

"रुग्णाशी नातं?"

इथे तो अडखळला. मैदानात कुस्ती पुकारतात तेव्हा पैलवानाच्या नावाबरोबर त्याच्या वस्तादाचंही नाव पुकारतात, अमुक वस्तादांचा पठ्ठा म्हणून. पैलवान जिंकला तर दोघांचं नाव होतं आणि शेण खाल्लं तर दोघांचं तोंड काळं होतं. उद्या हा अहवाल संघाकडे जाणार होता, तिथून वर्तमानपत्रांत जाणार होता.

"पठ्ठा हाय मी त्यांचा," तो खाली बघत म्हणाला. "पर त्ये लिवायचं का न्हाई, वस्तादांनला इचारा."

बाईंची बोटं कळांवर थांबली. शालननं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"लिवा, बाई," मी म्हणालो. "पठ्ठाच लिवा. आन् त्येच्या फुडं माझं नाव पुरं घाला."